सोलापूरच्या घरात साहाय्यक फिरता रोबो: माणूस आणि यंत्र यांचे नाते बसवण्याची पद्धत

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला साहाय्यक रोबो बनवणारे विद्यार्थी, घरातल्या आजारी किंवा वृद्ध माणसासाठी असे यंत्र आणावे का असा विचार करणारी कुटुंबे, आणि वृद्धाश्रम किंवा पुनर्वसन केंद्र चालवणारी मंडळी यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. साहाय्यक फिरता रोबो म्हणजे चाकांवर घरभर फिरून वस्तू आणून देणारे, निरोप पोचवणारे आणि आठवण करून देणारे यंत्र. वैयक्तिक सेवेच्या रोबोंसाठी २०१४ मध्ये निघालेले आयएसओ १३४८२ हे आंतरराष्ट्रीय मानक फिरता सेवक, शरीराला आधार देणारे यंत्र आणि माणसाला वाहून नेणारे यंत्र असे तीन प्रकार मानते. या लेखात फक्त पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

अशा प्रकल्पांत बहुतेक पैसा आणि वेळ यंत्रावर खर्च होतो. माझ्या मते मात्र रोबो घरात वापरला जाईल की कोपऱ्यात चादर टाकून ठेवला जाईल, हे दोन गोष्टींवर ठरते. यंत्र आता काय करणार आहे हे समोरच्या माणसाला आधी कळले पाहिजे, आणि ते केव्हाही थांबवणे त्याच्या हातात असले पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टी साधण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: माणसाचा दिवस लिहून काढणे

समजा, सोलापूरच्या विडी घरकुल भागातल्या एका घरात साठी ओलांडलेल्या बाई आहेत आणि पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू अधू झाली आहे. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला जातो आणि सून घरी बसून विड्या वळते. पाणी, चष्मा, मोबाइल, टीव्हीचा रिमोट, औषधांची डबी अशा लहानसहान वस्तूंसाठी सासूबाईंना दिवसभर तिला हाक मारावी लागते, आणि प्रत्येक हाकेला तिला मांडीवरचे सूप खाली ठेवून उठावे लागते. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे दर वेळी उठण्याची किंमत तिच्या मजुरीतून जाते आणि सासूबाईंनाही ते ठाऊक असते. म्हणून त्या काही गोष्टी मागायच्याच सोडून देतात.

रोबोची रचना ठरवण्याआधी अशा घरात किमान आठवडाभर नोंद ठेवावी. हाक कशासाठी मारली, कोण उठले, वस्तू कुठे होती आणि ती कुठे नेऊन द्यावी लागली, एवढे वहीत लिहिले तरी पुरे. आठवड्याच्या शेवटी आजारी माणसाला एकांतात एक प्रश्न अवश्य विचारावा: हवे असूनही तुम्ही काय मागितले नाही? या उत्तरातून बहुधा सगळ्यात मोलाचे काम सापडते. अमेरिकेतील हेन्री एव्हान्स यांचे शरीर २००२ मध्ये आलेल्या पक्षाघाताने जवळजवळ पूर्ण लुळे पडले. पुढे त्यांनी पीआर-२ नावाचा मोठा रोबो डोक्याच्या हालचालीने चालवून पहिली जी कामे केली, त्यांत स्वतःची खाज स्वतः खाजवणे आणि स्वतः दाढी करणे ही कामे होती. दुसऱ्याला पुन्हा पुन्हा सांगायला संकोच वाटावा, अशीच ती कामे आहेत.

नोंदींतून दोनच कामे निवडावीत. ती हलकी असावीत आणि त्यांतली वस्तू ठरलेल्या जागी राहणारी असावी. स्ट्रेच नावाचा अमेरिकी रोबो घरगुती कामासाठीच बनवलेला आहे, तरी त्याचा हातही जेमतेम दीड-दोन किलो वजन उचलतो. विद्यार्थ्यांनी पहिल्या यंत्राला यांत्रिक हात बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन खणांचा ट्रे पुरेसा असतो: वरचा खण खाटेवरच्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर आणि खालचा खण जमिनीवर बसलेल्या माणसासाठी. सून सकाळी बाटली, चष्मा आणि डबी ट्रेमध्ये ठेवील आणि रोबो हाकेसरशी जवळ येईल, एवढ्यानेही निम्म्या हाका कमी होऊ शकतात. औषध किती आणि कोणते घ्यायचे हे मात्र रोबोने कधीही ठरवू नये. डबी आणून देणे आणि वेळेची आठवण करणे एवढेच त्याचे काम.

दुसरी पायरी: शरीर समजून घेणे

या पायरीवर फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारा तज्ज्ञ) सोबत हवाच, कारण हुकूम कसा द्यायचा हे आजारावर अवलंबून असते. उजवी बाजू लुळी पडते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या भागाला झालेली असते, आणि बहुतेक माणसांत भाषेचे केंद्रही त्याच भागात असते. त्यामुळे वरच्या उदाहरणातील बाईंना शब्द वेळेवर न सुचण्याची किंवा भलताच शब्द तोंडी येण्याची शक्यता मोठी आहे. अशा घरात आवाजावर चालणारा रोबो कितीही चांगला असला तरी निरुपयोगी ठरतो. तिथे डाव्या हाताखाली दोन मोठी बटणे हवीत. उलट डावी बाजू लुळी असलेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूच्या जगाकडे लक्षच जात नाही. त्यांच्या डावीकडून रोबो आला तर तो अचानक उगवल्यासारखा वाटून ते दचकतात.

वय वाढते तसे उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून इशाऱ्याचा स्वर खालच्या पट्टीतला असावा. मोतीबिंदू असलेल्यांसाठी पडद्यावरची अक्षरे मोठी आणि ठळक हवीत. हात थरथरत असेल तर टचस्क्रीनवर एकाच हेतूने दोन-तीन वेळा बोट पडते. अशा वेळी खटका जाणवणारे खरेखुरे बटण बसवावे, आणि एका दाबानंतर सेकंदभर आलेले दाब यंत्राने मोजू नयेत.

एका धोक्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तोल जाऊ लागला की माणूस जवळची वस्तू धरतो, आणि ती वस्तू रोबो असेल तर पंचवीस किलोचे यंत्र त्याच्यासह कलंडते. म्हणून सुरुवातीलाच ठरवावे: एकतर रोबोला भक्कम दांडा द्यावा आणि त्यावर भार पडताच चाके जखडली जातील अशी सोय करावी, नाहीतर धरावेसे वाटेल असा कोणताही आकार त्याला देऊ नये. मधला मार्ग घातक आहे.

तिसरी पायरी: संमती, कॅमेऱ्याआधी

घराचा नकाशा बनवायला रोबो आत आला की त्याचा कॅमेराही आत आला, त्यामुळे संमती त्यापूर्वीच घ्यावी. ती कुटुंबप्रमुखाची एकट्याची घेऊन चालत नाही. ज्याच्यासाठी रोबो आहे त्याची आणि दिवसभर त्या खोलीत वावरणाऱ्या स्त्रियांची संमती वेगळी घ्यावी, आणि ती त्यांच्या भाषेत समजावून घ्यावी. काय टिपले जाते, ते कुठे साठते, किती दिवस राहते आणि पुसून टाका म्हटल्यावर कोण पुसणार, हे लेखी द्यावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा प्रकल्पप्रमुखाने वाचलेला असावा. विद्यार्थी रुग्णांवर चाचणी करणार असतील तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आधी मिळवावी. कॅमेऱ्यावर हाताने सरकवायचे झाकण लावावे. ते बंद असताना रोबोने फक्त लायडारवर, म्हणजे लेसरने अंतर मोजणाऱ्या संवेदकावर, सावकाश चालावे किंवा जागीच उभे राहावे.

चौथी पायरी: घर तयार करणे

परदेशी प्रयोगशाळांत तयार झालेली यंत्रे खुर्ची-टेबलांच्या आणि सपाट फरशीच्या घरांसाठी बनलेली असतात. आपल्याकडे आयुष्याचा मोठा भाग जमिनीवर जातो. जेवण, निवडणे-टिपणे, विड्या वळणे, दुपारची वामकुक्षी, मुलांचा अभ्यास हे सगळे खालीच चालते. स्वस्त लायडार जमिनीपासून ठरावीक उंचीवरचा एकच आडवा पट्टा पाहतो. तो पट्टा वीस सेंटिमीटरवर असेल, तर चटईवर झोपलेल्या माणसाचा पसरलेला हात त्याच्या खाली राहतो आणि रोबोच्या लेखी तिथे काहीच नसते. माझ्या दृष्टीने भारतीय घरासाठी हा सुरक्षिततेचा पहिला प्रश्न आहे. त्यावर उपाय म्हणजे खाली झुकवलेला, समोरच्या वस्तूंचे अंतर मोजणारा (डेप्थ) कॅमेरा, यंत्राच्या तळाशी चारही बाजूंनी स्पर्श होताच थांबवणारी पट्टी, आणि घरात कोणी जमिनीवर झोपलेले असताना रोबोने आपणहून न हलण्याचा नियम. हे तिन्ही उपाय एकत्र हवेत.

त्यानंतर उंबरा. उतारासाठी एकास बारा हे प्रमाण धरले, तर पाच सेंटिमीटर उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी साठ-साठ सेंटिमीटर लांबीची फळी लागते. लहान खोलीत एवढी फळी चालणाऱ्याच्या पायात येते, म्हणून तिच्या कडांना पिवळा पट्टा लावावा, किंवा सरळ रोबोला एकाच खोलीपुरते ठेवावे. उंबरा फोडण्याची सूचना तर करूच नये. त्यावर हळदकुंकू वाहिले जाते आणि त्यापुढे रांगोळी निघते. देवघरासमोरची जागा, चूल किंवा गॅसची जागा आणि रांगोळीची जागा नकाशात निषिद्ध क्षेत्र म्हणून आखावी. रोबो चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आरओएस-२ या सॉफ्टवेअरवरील नॅव्ह-२ या वाट शोधणाऱ्या प्रणालीत निषिद्ध क्षेत्र आणि कमी वेगाचे क्षेत्र आखण्याची सोय तयार मिळते.

फरशी ओली आणि कोरडी अशा दोन्ही अवस्थांत तपासावी. शहाबादी फरशीच्या रुंद सांध्यांत लहान चाके अडकतात. पायरी ओळखणारे इन्फ्रारेड संवेदक काळ्या कडप्प्याला कधी कधी खड्डा समजतात आणि रोबो तिथेच थबकतो. काचेच्या दारातून लायडारचा किरण आरपार जातो, तर आरशाच्या कपाटात त्याला दुसरी खोली दिसते. अशा ठिकाणी त्याच्या पट्ट्याच्या उंचीवर चिकटपट्टी लावावी. अंगणातल्या प्रखर उन्हात इन्फ्रारेडवर चालणारे डेप्थ कॅमेरे आंधळे होतात.

सोलापूरच्या घराचा नकाशा एकदा काढून भागत नाही, कारण पाणी येण्याच्या दिवशी घराची मांडणीच बदलते. वाटेत पिंप, घागरी आणि कळश्या येतात, दारातून रबरी पाइप जातो, फरशी ओली होते. म्हणून पाण्याच्या दिवशी रोबोने ठरल्या जागी उभे राहून फक्त आठवण करण्याचे काम करावे, असा वेगळा क्रम ठेवावा. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर सुताचे तंतू चाकांच्या आसाभोवती गुंडाळले जातात आणि लायडारवर कापसाची पूड बसते. दर आठवड्याला मऊ ब्रशने साफसफाई करण्याचे काम घरातल्या कोणा एकाच्या नावावर असावे.

उन्हाळ्यात इथला पारा बेचाळीस अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखाली त्याहून अधिक. लिथियम-आयन बॅटरी साधारण पंचेचाळीस अंशांपुढे चार्ज करू नये, म्हणून चार्जिंग पहाटे किंवा रात्री करावे. वीज गेली की वायफायही जाते. थांबणे, अडथळा टाळणे आणि हाकेला ओ देणे ही कामे इंटरनेटशिवाय चालली पाहिजेत.

पाचवी पायरी: अंतर, वेग आणि येण्याची दिशा

एडवर्ड हॉल या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसामाणसांतल्या अंतराची मांडणी केली. त्याच्या निरीक्षणानुसार पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आतली जागा फक्त अगदी जवळच्यांची असते, आणि तिथून सव्वा मीटरपर्यंतची मित्रमंडळींची. ती निरीक्षणे अमेरिकी लोकांवरची आहेत, म्हणून आकडे जसेच्या तसे न घेता आपल्या घरात तपासावेत. पद्धत सोपी आहे: माणसाला बसवावे, रोबो हळू जवळ आणावा आणि "बास, इतकेच" म्हटले की अंतर मोजावे. खाटेवर, खुर्चीवर आणि जमिनीवर बसवून हे तीनदा करावे. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याचे डोळे साधारण पाऊण मीटर उंचीवर असतात, त्यामुळे सव्वा मीटर उंचीचे यंत्र त्याच्या अंगावर आल्यासारखे वाटते आणि अंतर वाढवावे लागते.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बसलेल्या लोकांना रोबोने थेट समोरून येणे नकोसे वाटते आणि बाजूने आलेला चालतो, असे आढळले. तो बाजूने यावा, चांगला हात ज्या बाजूला आहे तिकडून यावा, आणि येताना शेवटपर्यंत दिसत राहावा, हा नियम त्यामुळे सुरुवातीसाठी चांगला आहे. पाठीमागून कधीच येऊ नये.

वेगाचे गणित स्वतः मांडून पाहावे. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चालणाऱ्या यंत्राला अडथळा कळायला ०.३ सेकंद लागले, तर तेवढ्यात ते पंधरा सेंटिमीटर पुढे जाते. नंतर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी केला तर आणखी साडेबारा सेंटिमीटर. थांबेपर्यंत सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर झाले. वेग दुप्पट केला तर हेच अंतर ऐंशी सेंटिमीटरवर जाते आणि धडकेची ऊर्जा चौपट होते. माणूस दोन मीटरच्या आत असताना सेकंदाला ०.३ मीटरपेक्षा जास्त वेग ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. त्या घरात कोणालाच तेवढी घाई नसते.

सहावी पायरी: हाक, उत्तर आणि थांबवणे

सोलापुरात एकाच घरात तेलुगू, मराठी आणि दखनी कानावर पडते, शेजारी कन्नड असते, आणि मराठीही "करालाव", "जालाव" अशी असते. केंद्र सरकारचे भाषिणी व्यासपीठ आणि मद्रास आयआयटीतील एआयफॉरभारत यांच्यामुळे मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणे ओळखणारी साधने आज हाती आहेत. तरीही त्यांची परीक्षा त्या घरातल्या माणसांच्या आवाजावर, मागाचा खडखडाट, पंखा आणि टीव्ही चालू असतानाच घ्यावी. हुकुमांची यादी सात-आठ शब्दांपलीकडे नेऊ नये आणि ते शब्द घरच्यांनी निवडावेत. "ते आण" यातले "ते" यंत्राला कळत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठातील संशोधकांनी २००८ च्या सुमारास हवी ती वस्तू लेसरच्या ठिपक्याने दाखवण्याची पद्धत वापरली होती, आणि ज्यांचा हात स्थिर आहे त्यांच्यासाठी ती आजही उपयोगी आहे.

थांबवण्याचा शब्द मात्र सगळ्या भाषांत चालला पाहिजे: "थांब", "आगु", "निल्लु", "रुको". कोणीही, कोणत्याही भाषेत, अर्धवट ओरडले तरी रोबो थांबावा. चुकून थांबला तर नुकसान काही नाही. न थांबला तर आहे. त्याशिवाय पिवळ्या पार्श्वभूमीवरचे लाल बटण यंत्रावर दोन उंचींवर हवे आणि एक दोरीला बांधून खाटेशी, चांगल्या हाताच्या बाजूला. हे बटण सॉफ्टवेअरला विनंती करणारे नसावे, मोटारचा वीजपुरवठाच तोडणारे असावे. घरातल्या लहान मुलांसकट सगळ्यांनी ते एकदा दाबून पाहावे.

हाकेला सेकंदाच्या आत काहीतरी उत्तर मिळाले पाहिजे, मग काम व्हायला कितीही वेळ लागो. हलण्यापूर्वी रोबोने हेतू सांगावा: "आजी, पाणी घेऊन डावीकडून येतो." वळण्याच्या दिशेचा दिवा आधी लागावा. आजी म्हणावे, काकू म्हणावे की अव्वा, हे त्या बाईंनाच विचारावे. यंत्राने लावलेले नाते सगळ्यांनाच रुचते असे नाही. बहुवचनी आदराचा सूर मात्र कुठेही सोडू नये.

सातवी पायरी: आधी माणसाने चालवून पाहणे

स्वयंचलित प्रोग्राम लिहिण्यापूर्वी काही दिवस रोबो रिमोटने चालवावा, आणि तो कोण चालवत आहे हे घरच्यांना सांगून ठेवावे. बाई हाक कशी मारतात, रोबो उशिरा आला तर काय करतात, सून वाटेत आली की कोण कोणाला वाट देते, हे सगळे या तालमीत दिसते आणि त्यावरूनच प्रोग्रामचे नियम लिहिता येतात. मग एकेक काम यंत्राच्या हवाली करावे. थेट पूर्ण स्वायत्ततेकडे उडी मारू नये. शेरिडन आणि व्हरप्लँक या संशोधकांनी १९७८ मध्येच स्वयंचलनाच्या दहा पायऱ्या मांडल्या होत्या. घरगुती रोबोला त्यांतली मधली पायरी, म्हणजे रोबोने सुचवावे आणि माणसाने हो म्हटल्यावर करावे, बहुतेक कामांसाठी योग्य आहे.

रोबो चुकणारच. चुकल्यावर त्याने थांबावे, काय झाले ते एका वाक्यात सांगावे आणि पुढे काय करू ते विचारावे. "बाटली पडली. सूनबाईंना बोलवू का?" एवढे पुरते. लोकांचा विश्वास बसणार नाही अशी भीती सगळ्यांना असते, पण फाजील विश्वासाचा धोकाही तितकाच खरा आहे. जॉर्जिया टेकमध्ये २०१६ साली खोट्या धुराचा आपत्कालीन प्रसंग उभा केला, तेव्हा आधी वाट चुकलेल्या रोबोच्या मागेही लोक गेले. म्हणून रोबोला काय जमत नाही याची मोठ्या अक्षरांतली यादी भिंतीवर लावावी, आणि रात्री एकट्या रुग्णाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये.

आठवी पायरी: उपयोग झाला का हे मोजणे

पहिल्या आठवड्याची वही इथे कामाला येते. त्याच पद्धतीने पुन्हा आठवडाभर नोंद करावी आणि सून किती वेळा उठली हे ताडून पाहावे. सोबत रोबोमुळे तिला किती वेळा उठावे लागले हेही मोजावे, कारण अडकलेले यंत्र सोडवणे, चार्जिंगला लावणे आणि पुसणे ही कामे बहुधा तिच्याच वाट्याला येतात. ही संख्या मोठी असेल, तर सासूबाई खूश असल्या तरी प्रयोग फसला आहे असे मी मानतो.

प्रश्नावली हवी असेल तर एखादे साधन वापरायला किती सोपे आहे हे मोजणारी जॉन ब्रुक यांची सिस्टिम युजेबिलिटी स्केल सोपी आहे. तिच्यात दहा विधाने असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण दिले जातात. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून एक वजा करावा, सम क्रमांकाचे गुण पाचातून वजा करावेत, आणि सगळ्यांच्या बेरजेला अडीचने गुणले की शंभरपैकी आकडा मिळतो. सरासरी अडुसष्टच्या आसपास धरतात. मात्र घरी आलेल्या विद्यार्थ्यांना चहा देऊन "छान आहे की" म्हणणे ही आपली रीत आहे, त्यामुळे त्या आकड्यापेक्षा यंत्रातली नोंद जास्त खरे बोलते: चमू घरात नसताना रोबोला किती वेळा हाक मारली गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती संख्या पहिल्या आठवड्यापेक्षा वाढली की घटली.

नववी पायरी: परत नेणे

प्रकल्प संपतो, परीक्षा होते आणि रोबो महाविद्यालयात परत जातो. तोपर्यंत त्या माणसाला एखादे काम स्वतः करण्याची सवय झालेली असते आणि ती सवय एका दिवसात तोडणे क्रूर आहे. म्हणून परतीची तारीख पहिल्याच दिवशी सांगावी आणि शेवटच्या आठवड्यात तेच काम यंत्राशिवाय कसे भागेल याची सोय लावावी. खाटेला अडकवलेला ट्रे, बिनतारी घंटी, हाताच्या अंतरावरचे फडताळ अशा साध्या गोष्टी बहुतेक वेळा पुरतात. नकाशा आणि आवाजाच्या फिती घरच्यांसमोर पुसाव्यात, उताराच्या फळ्या आणि आरशावरच्या पट्ट्या काढून न्याव्यात. ज्या नोंदवहीतून काम सुरू झाले तिची प्रत कुटुंबाकडे आणि त्यांच्या परवानगीने थेरपिस्टकडे द्यावी, कारण पुढचा चमू त्या घरी येईल तेव्हा त्याला काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागणार नाही.